घरात कोण झोपलंय?

सुनंदाबाईंची आणि माझी पहिली भेट झाली ती त्यांच्या अंगावर चहा सांडून. रत्नागिरीच्या कॉलेजात मी नुकतीच कारकून म्हणून लागले होते आणि बाई मानसशास्त्र विभागाच्या प्रमुख होत्या. सहीसाठी फाइल घेऊन मी त्यांच्या खोलीत गेले, टेबलापाशी उभी राहिले आणि "बाई" म्हटलं. बाई अशा दचकल्या की कपातला चहा थेट साडीवर. "अगो, माणूस आहेस की मांजर? पायांचा आवाज तरी करावा!" मी रडवेली झाले, तर त्याच हसत सुटल्या. साडी पुसता पुसता त्यांनी विचारलं, "एवढं हळू चालायला कोणी शिकवलं तुला?" मी म्हटलं, "सवय आहे." घरीदारी सगळे मला शांत, गुणी म्हणायचे. बाई काही तसं म्हणाल्या नाहीत.

त्या सवयीचं मूळ लोटे गावातल्या आमच्या जुन्या घरात आहे. बाबा तिथे केमिकल कंपनीत होते, बहुतेक रात्रपाळीला. सकाळी कंपनीची बस त्यांना सोडून जायची आणि आमच्या दोन खोल्यांतले सगळे आवाज बंद व्हायचे. झोपमोड झाली की बाबांचा हात आधी आईवर उठायचा. म्हणून आई बांगड्या वर सारून भांडी घासायची, कुकर शिट्टीला आला की धावत जाऊन गॅस बारीक करायची. आम्ही भावंडं भांडायचो तेही खाणाखुणांनी.

पुढे माझं लग्न झालं, बाईंच्या घराजवळच बिऱ्हाड केलं, सई झाली. ती चार वर्षांची झाली तरी बालवाडीत तोंड उघडेना. घरी बोलायची, तेही कुजबुजत. कान तपासले, ते ठणठणीत. "असतं एखादं मूल अबोल," म्हणणारे पुष्कळ भेटले, पण माझा जीव टांगणीला लागला होता. उद्या हिला काही दुखलंखुपलं, कोणी त्रास दिला, तर ही पोर सांगणार कशी?

शेवटी बाईंना घरी बोलावलं. त्यांनी काही विचारलं नाही. स्वयंपाकघराच्या दारात पाट घेऊन नुसत्या बघत बसल्या. कुकर फुसफुसायला लागला तसा मी गॅस बारीक केला. सईने भातुकलीतलं एकेक भांडं दुमडलेल्या पंच्यावर ठेवलं, वाजू नये म्हणून. हे तिला मी कधीच शिकवलं नव्हतं. बाईंनी आतल्या खोलीकडे पाहिलं आणि हलक्या आवाजात विचारलं, "घरात कोण झोपलंय गो?"

कोणीच झोपलेलं नव्हतं. मी तिथेच फरशीवर बसले आणि मोठमोठ्याने रडले. बाईंनी सईला मांडीवर घेतलं आणि मला रडू दिलं.

पुढचे कितीतरी रविवार आम्ही त्यांच्या पडवीत काढले. बाई म्हणायच्या, "तेव्हा गप्प राहिलीस ते शहाणपणच होतं. त्यानेच तुम्ही वाचलात. आता ती गरज सरली, एवढंच तुझ्या अंगाला अजून कळलेलं नाही." आणि मला अभ्यास काय दिला? संध्याकाळी परसातल्या गडग्याशी, म्हणजे दगडी कुंपणाशी, उभं राहून सईला खेळातून हाक मारायची, पलीकडे आपल्या घरी बसलेल्या बाईंना ऐकू जाईल अशी. पहिले काही दिवस घशातून नुसती हवा यायची. पलीकडून बाई ओरडायच्या, "काही ऐकू नाही आलं!" काय लाज वाटायची म्हणून सांगू! शेजारणी हसल्या तर बाई त्यांनाही दटावायच्या.

एकदा त्या आपणहून माझ्याबरोबर बाबांना भेटायला आल्या. मला वाटलं, आता झाडतील त्यांना. बाईंनी विचारलं, "त्या दिवसांत तुमची झोप व्हायची का हो?"  बाबा म्हणाले, "कसली ओ झोप, बाई. वर पत्रा तापलेला, नाकात कंपनीचा वास. डोळे मिटून पडायचो. पोरं गप असली की कळायचं, मला घाबरून गप आहेत." परतताना एसटीत बाई मला म्हणाल्या, "कारण कळलं म्हणून मारणं बरोबर ठरत नाही हो. पण तुम्हा पोरांचं काही चुकलं नव्हतं, तेवढं पक्कं धर." एवढी वर्षं छातीवर ठेवलेला धोंडा कोणीतरी उचलला असं वाटलं.

बाईंच्या गौरवासाठी निघणाऱ्या या ग्रंथाच्या संपादकांना त्यांच्याविषयी 'बालपणीच्या हालअपेष्टांनी घडल्या' असं छापायचं होतं. बाई उखडल्याच. "हालांनी कोणी घडत नाही. आईवडील गेले तेव्हा मला आत्येने जवळ घेतलं, म्हणून मी उभी राहिले. तिचं नाव छापा!" ते छापलं गेलं आहे.

सई आता शाळेत जाते. परवा वर्गशिक्षिकांनी तक्रार केली, फार आरडाओरडा करते म्हणून. मी हसतच सुटले. बिचाऱ्या बघत राहिल्या. बाईंना सांगितलं, तर म्हणाल्या, "तू काही करू नकोस. गप्प बसवायला शाळा समर्थ आहे."

गेल्या आठवड्यात बाबा आमच्याकडे राहायला आले होते. जेवून कॉटवर पडले होते. तेवढ्यात सई "आईऽऽ" अशी आरोळी ठोकत घरात घुसली. माझा हात तिच्या तोंडाकडे गेलाच. बाबांनी डोळे न उघडता म्हटलं, "ओरडू दे गो तिला. मी जागाच आहे."

माझा हात खाली आला. हा दिवस सुनंदाबाईंनी आम्हाला दिला. त्यांना ठणठणीत प्रकृती आणि उदंड आयुष्य लाभो, असं मी आणि सई दोघी अगदी मोठ्याने म्हणतो आहोत.