लॉन्सवर वाजलेला फोन

या सदरातले अनुभव मी आजवर सकाळच्या चहाबरोबर वाचत आलो आणि मनातल्या मनात त्यांची उत्तरं देत आलो. घाटात लिफ्ट मागणारा माणूस, बंद खोलीतला पैंजणांचा आवाज… प्रत्येकासाठी माझ्याकडे एक कंटाळवाणं पण पटण्यासारखं कारण असायचं. आता मलाच लिहायची वेळ आली आहे आणि कारण सापडत नाही. माणसांची नावं बदलली आहेत, कंपनीचं आणि लॉन्सचं नाव देत नाही. बाकी सगळं घडलं तसंच आहे.

मी नाशिकचा. एका कॉलेजात ग्रंथपाल होतो, निवृत्तीनंतर सूत्रसंचालन करतो. म्हणजे पाहुणे दोन तास उशिरा आले तरी 'आपल्या व्यग्र दिनक्रमातून अमूल्य वेळ काढून' असं म्हणायचं, आणि म्हणताना हसायचं नाही.

माझी भाची मीनल पोलीस कंट्रोल रूममध्ये आहे. तिचं काम तिनेच मला समजावून सांगितलं होतं. मदतीसाठी एकशेबाराला लावलेला फोन आधी दूरच्या मोठ्या केंद्रात घेतात, तिथून माहिती इथे मीनलच्या पडद्यावर येते. ती नकाशावर जवळची गाडी शोधते, गाडीतल्या टॅबवर काम टाकते आणि मग फोन करणाऱ्याला उलट फोन लावून सांगते — गाडी निघाली आहे.

"मामा, हे वाक्य ऐकलं ना, की समोरच्याचा श्वास बदलतो," ती म्हणाली होती. "मला इकडे ऐकू येतं."

गेल्या हिवाळ्यात एका खाजगी कंपनीने असल्या यंत्रणेचं प्रात्यक्षिक ठेवलं. खरी कंट्रोल रूम आपल्या जागी आपलं काम करत होती. हे प्रात्यक्षिक होतं गंगापूर रोडवरच्या एका लॉन्सवर. जिथे आदल्या संध्याकाळी नवरा-नवरी बसले होते, तिथे आता टेबल, भलामोठा पडदा आणि एक लाल फोन. फोनला कुणीतरी हळदकुंकू वाहिलं होतं. मीनलला 'अनुभवी कर्मचारी' म्हणून बोलावलं होतं, आणि 'आमच्या मामांचं मराठी चांगलं आहे' असं तिने सांगितल्यामुळे माइक माझ्याकडे आला होता.

डेमो साधा होता. स्टेजमागे 'वधूपक्ष' अशी पाटी असलेल्या खोलीत हवालदार पवार दुसरा फोन घेऊन बसणार. कंपनीच्या मॅनेजरने मोबाइलवर मिस्ड कॉल दिला की पवारांनी फोन लावायचा — बायकोची सोनसाखळी ओढून नेली म्हणून. मीनलने उत्तर द्यायचं, आवाज सगळ्यांना स्पीकरवर ऐकू जाणार आणि पडद्यावर एक हिरवी गाडी नकाशातून धावणार. ती गाडी म्हणजे आधी बनवून ठेवलेलं चित्र होतं. लाल फोनची वायर त्या खोलीपर्यंतच होती, पुढे कुठेही नाही. मी स्वतः तिच्यात पाय अडकून पडता पडता वाचलो होतो, म्हणून इतक्या खात्रीने सांगतो.

दीपप्रज्वलन झालं. वाऱ्याने वात तीनदा विझली. शाली झाल्या, श्रीफळं झाली. मी म्हटलं, "आता प्रत्यक्ष पाहू या…" आणि वाक्य संपायच्या आत फोन वाजला.

मीनलने उचलला. स्पीकरवर एका म्हाताऱ्या बाईचा आवाज आला. निफाडकडचं बोलणं.

"आवो, या ना कुनीतरी… आमच्या मालकाला लय घाम फुटलाय. छातीला हात लावून बसल्यात. बोलत नाय काही."

मीनलने क्षणभर मॅनेजरकडे पाहिलं. त्याने अंगठा दाखवला. नंतर कळलं, त्याला वाटलं मीनलनेच डेमोमध्ये बदल केला, आणि तिला वाटलं त्याने. असल्या कार्यक्रमांत ऐनवेळी काहीतरी बदलतंच.

"आजी, कुठून बोलताय?"

"सोमेश्वरच्या पुढं, झाडांची नर्सरी हाय ना रोडच्या कडंला… तिच्या मागं पत्र्याचं घर. आमी राखनीला हाय हितं."

"घाबरू नका. गाडी निघाली आहे. त्यांना एकटं सोडू नका, दारातच थांबा."

"बरं बाई… थांबते."

पडद्यावर हिरवी गाडी सुटली. टाळ्यांचा कडकडाट. प्रमुख पाहुणे माझ्याकडे वाकून म्हणाले, "काय अभिनय आहे हो! काटा आला." मीही माइकवरून नाशिकच्या नाट्यपरंपरेबद्दल दोन वाक्यं टाकली. ती आठवली की अजूनही मान खाली जाते.

मग पाहुणे बोलले. 'तत्पर प्रतिसाद' या विषयावर त्यांनी बराच वेळ घेतला. त्यांना देण्याचा पुष्पगुच्छ हातात धरून मीनल त्यांच्या मागे उभी होती. भाषण संपल्यावर त्यांनी तो गुच्छ आजीचं काम करणाऱ्या कलाकार भगिनीला द्यायचं जाहीर केलं. मी नाव विचारायला मॅनेजरकडे पाहिलं, मॅनेजरने मीनलकडे, मीनलने माझ्याकडे.

तेवढ्यात 'वधूपक्ष' पाटीच्या दारातून पवार बाहेर आले. "साहेब, किती वेळ बसू? मिस्ड कॉल आलाच नाही. मी अजून फोनला हात लावलेला नाही."

"मग ती बाई कोण होती?" मॅनेजर म्हणाला.

"कुठली बाई? आत मी एकटाच आहे. आणि मला टाळ्याच ऐकू आल्या फक्त."

लोक हसले. त्यांना हाही डेमोचाच भाग वाटला. मीनलने गुच्छ टेबलावर ठेवला आणि धावत सुटली. बंदोबस्ताला आलेली गाडी गेटवरच होती. मी कसाबसा मागे चढलो. ती वाटेतच रुग्णवाहिकेसाठी फोन करत होती आणि मी तिला समजावत होतो — अगं, कुणीतरी चेष्टा केली असेल, वायरी एकमेकींत गेल्या असतील, नर्सरी तरी आहे का तिथे बघू आधी.

नर्सरी होती. मागे पत्र्याचं घरही होतं.

म्हातारी उंबऱ्यात बसली होती. आत बाजेवर म्हातारा. ड्रायव्हरने म्हाताऱ्याची नाडी पाहिली आणि टोपी काढली. रुग्णवाहिकाही लगेच आली, पण डॉक्टरांनीही मान हलवली.

"आजी," मीनलने खाली बसून विचारलं, "फोन कुठून केलात?"

"फोन कुठला गं? मोबाइल पोरगा घिऊन गेला देवळ्याला. मी नुसती वरडत व्हते हितं बसून." मग तिने मीनलकडे नीट पाहिलं. "तूच ना ती? तुझाच आवाज आला."

"कुठून आला?"

"कुठून म्हंजी? हितंच. कानाशी बसून बोलल्यावानी. म्हनलीस, गाडी निघालीय, दारातच थांबा. मंग थांबले मी. नायतर त्या रोडला पळत जाऊन रिक्षा आडवनार व्हते."

रोड तिथून दिसत होता. रिक्षा जाताना दिसत होत्या.

त्यानंतर मी सगळं तपासलं. लॉन्सच्या स्पीकरचा आवाज वाऱ्याने तिथवर गेला असेल? मधे तीन-चार किलोमीटर आणि सगळी रहदारी. आणि गेला म्हणावा, तर तिचा आवाज आमच्याकडे कसा आला? कंपनीच्या माणसाने फोन उघडून दाखवला, मग वायर दाखवली, मग मलाच विचारलं, "सर, तुमचं काय मत?" कार्यक्रमाच्या व्हिडिओतून तेवढा भाग कापला आहे, भाषण पूर्ण आहे. पवार हल्ली मला पाहून रस्ता बदलतात.

डॉक्टर म्हणाले होते, वेळेत नेलं असतं तर कदाचित. 'कदाचित' हा शब्द मी भाषणांत आयुष्यभर वापरला, तो इतका जड असेल असं वाटलं नव्हतं.

मीनल नोकरीत आहे. फोन कसा लागला, हे तिने मला एकदाही विचारलेलं नाही. एकदाच म्हणाली, "मामा, तिने माझं ऐकलं हो."

म्हाताऱ्याचे दिवस झाल्यावर आम्ही दोघं म्हातारीला भेटायला गेलो. मीनल सगळं सांगायचं ठरवून आली होती. तेव्हा गाडी निघालीच नव्हती, ते नाटक होतं, हे सगळं. म्हातारीने आम्हाला चहा दिला. मीनल 'आजी, त्या दिवशी ती गाडी…' एवढंच म्हणाली. तेव्हा म्हातारीनेच तिच्या पाठीवर हात ठेवला.

"नको मनाला लावून घेऊ, बाई. रोडला लय ट्राफिक आसतं. गाडी आडकली आसंल कुठंतरी. तुमी काय मुद्दाम उशीर केला का?"

आम्ही दोघांनीही माना हलवल्या. नाही म्हणून.

तो आवाज तिच्याकडून आमच्याकडे आणि आमच्याकडून तिच्याकडे कसा गेला, याचं स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. गाडी वेळेत का आली नाही, याचं आहे. ते आम्ही अजून तिला दिलेलं नाही.