बहिणीच्या बदल्यात

अजिंठ्याच्या लेण्यांत जपानी पाहुण्यांना फिरवणं हे माझं काम. त्या हिवाळ्यात सत्तरीच्या पुढच्या एक बाई एकट्याच आल्या. पहुडलेल्या बुद्धाच्या मूर्तीपाशी त्या बसल्या, त्या उठेचनात. नेहमीची माहिती माझ्या ओठांवर होती, पण मला माझाच आवाज नकोसा झाला. बाहेरचं ऊन जमिनीवरून सरपटत आत आलं होतं. उशीवर गाल टेकलेला तो दगडी चेहरा बघता बघता श्वास घेतोय असं वाटायला लागलं. आम्ही दोघी कितीतरी वेळ तशाच, कुणाची तरी झोप राखत बसल्यासारख्या.

परतताना गाडीत त्यांनी विचारलं, "घरी कोण असतं?"

"बाबा. फौजेत होते."

"त्यांना भेटता येईल?"

हर्सूल ओलांडलं तेव्हा दिवे लागत होते. धुक्यात ते पाण्याखालून दिसावेत तसे दिसत होते. बजाजनगरला पोचलो, तर बाबा टीव्हीसमोर. सीमेवर तणाव वाढल्यापासून त्यांची जागा तीच होती. फौजेतून आल्यावर त्यांनी वाळूजच्या एका कंपनीच्या गेटवर नोकरी केली, पण मन कायम चौकीवरच राहिलं. त्यांचं म्हणणं ठरलेलं: एक मोठा बॉम्ब टाका आणि मिटवून टाका एकदाचं. ते क्रूर नव्हते. लढाई थांबण्याच्या आदल्या दिवशी त्यांचा खंदकातला जोडीदार त्यांच्या शेजारीच मारला गेला होता. एक दिवस आधी थांबली असती तर, या एका विचारापाशी त्यांचं आयुष्य अडून बसलं होतं.

मी भाकरी आणि वांग्याचं भरीत केलं. बाई मांडी घालून जेवायला बसल्या. बाबांनी त्यांचं गाव विचारलं.

"हिरोशिमा," त्या म्हणाल्या. याचं मला भाषांतर करावं लागलं नाही.

बाबांनी टीव्ही बंद केला. म्हणाले, "इचार त्यांना. त्या बॉम्बनं लढाई थांबली, त्याच्यानं लई लोकं वाचली. हे खरं का नाय?"

"बाबा, पाहुण्या आहेत त्या."

"म्हणून तर इचारतोय. टीव्हीवाल्याला इचारून काय उपेग?"

बाई माझ्याकडे बघत होत्या. "जे म्हणाले ते सगळं सांग," त्या म्हणाल्या. मी सांगितलं.

त्यांनी घास खाली ठेवला. "माझे वडील तेव्हा दूरच्या एका बेटावर सैनिक होते. लढाई चालू राहिली असती तर आपण परतलो नसतो, असं ते स्वतःच म्हणायचे. ती संपली, ते आले, मग माझा जन्म झाला. म्हणजे वाचलेल्यांत मीही आहे." मग म्हणाल्या, "त्यांची धाकटी बहीण त्या सकाळी शाळेतल्या मुलींबरोबर गावात कामाला गेली होती. हवाई हल्ल्यात आग पसरू नये म्हणून पाडलेल्या घरांचा ढिगारा उचलायला. तिचं काहीच सापडलं नाही."

हे मराठीत सांगताना मला विचित्र वाटत होतं. मी बोलत होते, पण शब्द फार लांबून, माझ्यातून वाट काढत बाबांकडे चालले होते.

"वडलांना काय वाटायचं त्यांच्या?" बाबांनी हळूच विचारलं.

"लोक त्यांना नशीबवान म्हणायचे. ते मला एकदाच म्हणाले, मी सैनिक होतो, माझं मरण मी बरोबर घेऊनच निघालो होतो. ते माझ्याकडून काढून तिला देताना मला कुणी विचारलं नाही."

बाबांनी ताट जरा बाजूला सारलं. मग त्यांनी जोडीदाराची गोष्ट सांगितली. मला ती पाठ होती, तरी दुसऱ्या भाषेत सांगताना पहिल्यांदाच ऐकल्यासारखी वाटली. शेवटी म्हणाले, "तरीबी सांगतो. तवा खंदकात कुणी म्हणलं असतं, आत्ता संपिवतो, तर मी व्हय म्हणलो असतो."

"माझे वडीलही म्हणाले असते," बाई म्हणाल्या.

"मग ठरवायचं कुणी?"

"मला ठाऊक नाही." त्या जराशा हसल्या. "आत्याला कुणी विचारलं असतं, तर तिचं उत्तर मला ऐकायला आवडलं असतं."

बाबांनी त्यांना आग्रह करून भरीत वाढलं. निघताना दोघं एकमेकांसमोर वाकले; आधी कोणी ताठ व्हायचं तेच दोघांना कळेना.

बाबांचं मत बदललं, असं मी म्हणणार नाही. खंदकात मी व्हयच म्हणलो असतो, हे ते अजूनही म्हणतात. फक्त शेजारी कुणी "टाका एक बॉम्ब" म्हटलं, की पूर्वीसारखी मान डोलवत नाहीत, उठून अंगणात जातात.

काही आठवड्यांनी त्यांनी मला विचारलं, "ती पोरगी, तिचं नाव काय होतं?"

मी बाईंना मेसेज केला. नाव आलं. ते मी इथं लिहीत नाही, ते त्यांच्या घरातलं आहे. पौर्णिमेला बुद्धवंदना झाल्यावर बाबा आपल्या गेलेल्या माणसांसाठी मेणबत्त्या लावतात: आई, आजोबा, जोडीदार. आता तिथं आणखी एक मेणबत्ती असते. ते नाव त्यांना नीट म्हणता येत नाही. मधलं एक अक्षर ते आपल्याकडच्या मुलींच्या नावासारखं लांबवतात. मी दुरुस्त करत नाही.