अध्यक्षांशेजारची खुर्ची

आमच्या शाळेत सिनेमाला जायचं असलं तरी नोटीस निघते. ‘सर्व शिक्षक व शिक्षकेतर कर्मचाऱ्यांनी शनिवारी शाळा सुटल्यावर अमरावती येथे चित्रपटास उपस्थित राहावे.’ खाली मुख्याध्यापकांची सही आणि समोर आमच्या सह्यांचे रकाने. मी सही केली. न करून सांगते कुणाला! नांदगाव खंडेश्वरच्या पुढे आमची शाळा, खासगी संस्थेची. नऊ वर्षांपासून मी तिथे अर्धवेळ संगीत शिकवते. माझ्या जागेला पूर्णवेळ मान्यता मिळावी, म्हणून केलेला प्रस्ताव तेव्हा संस्थेच्या अध्यक्षांच्या, म्हणजे भाऊसाहेबांच्या, टेबलावर पडून होता. त्यावर त्यांची एक सही हवी होती, आणि ती होत नव्हती.

सिनेमा अध्यक्षांनीच निवडला होता. अख्खा शो त्यांनी संस्थेच्या सगळ्या शाळांसाठी बुक केला. कारण असं की, तो ज्या कादंबरीवरून काढला होता तिचं प्रकाशन काही वर्षांपूर्वी त्यांच्याच हस्ते झालं होतं. आमच्याकडे पुस्तकाचं प्रकाशन करणाऱ्याने पुस्तक वाचावं असा काही दंडक नाही. नारळ फोडणाऱ्याने घर बांधलेलं असतं का? शाळेच्या लायब्ररीत त्या कादंबरीच्या वीस प्रती आहेत, वीसही कोऱ्या. पोस्टरवर पांढऱ्या कपड्यातला, हार घातलेला नेता होता. “आपल्याच पुस्तकाचं पिक्चर हाये,” असं अध्यक्षांच्या पीएने सगळ्यांना फोन करून सांगितलं.

शुक्रवारी संध्याकाळी माझ्या ताईचा फोन आला. ती अकोल्याला एका वाचनालयात काम करते, तिने ती कादंबरी वाचली होती आणि सिनेमाही पाहून झाला होता.

“अवं, तुमच्या अध्यक्षानं पाह्यलं का हे पिक्चर?”

“उद्या पाह्यतात. आमाले घेऊन.”

ती हसत सुटली. “बाप्पा! अवं, त्याच्यात संस्थावाला पुढारीच खलनायक हाये. सारं तुमच्या भाऊसाहेबावाणी. बेटा बेटा म्हन्ते आन् मानूस गायब करते.”

मला हसू आलं नाही. मुख्याध्यापकांना सांगावं तर ते विचारणार, तुम्हाला कसं माहीत. न सांगावं तर उद्या सगळ्यांसमोर शोभा. रात्रभर विचार करून मी आपल्या लोकांचा जुना मार्ग धरला आणि मूग गिळून बसले.

थिएटरमध्ये मी मागची कोपऱ्यातली जागा हेरून ठेवली होती. पण पीएने दारातच अडवलं. “मॅडम, तुमाले संगीतातलं समजते. तुमी भाऊसाहेबांजवळ बसा, त्याईले सांगत जा.” अशी मी ओळीच्या अगदी मध्यभागी जाऊन पडले. डावीकडे अध्यक्ष, उजवीकडे मुख्याध्यापक आणि दोन्ही बाजूंनी गुडघेच गुडघे.

सिनेमा सुरू झाला आणि दहा मिनिटांत सगळ्यांना कळलं. पडद्यावरचा नेता शाळेच्या उद्घाटनाला येतो, मुली स्वागतगीत म्हणतात, तो एका मुलीच्या डोक्यावर हात ठेवतो आणि शेजारच्या माणसाला हळूच एक नाव सांगतो. दुसऱ्या दिवशी त्या नावाचा माणूस घरी परत येत नाही. कचेरीतल्या एका बाईला त्याबद्दलचा कागद सापडतो, आणि मग तिच्या मागे हा लागतो. ओरडत नाही, धमकी देत नाही. तिची बदली होते, तिच्या नवऱ्याचं दुकान बंद पडतं, आणि हा तिला घरी बोलावून चहा पाजतो.

हॉलमध्ये कुणी हलत नव्हतं. एरवी सिनेमा पाहताना आमची माणसं पडद्याशी बोलतात, शिट्या मारतात, पुढे काय होणार ते शेजारच्याला सांगतात. इथे शंभरावर माणसं अंधारात अध्यक्षांच्या डोक्याकडे बघत होती. ते हसले की हॉल हसायचा, अर्धा क्षण उशिरा.

माझी अडचण वेगळी होती. मला ते संगीत ऐकू येत होतं. व्हायोलिनचा मोठा ताफा होता, पण तो नेता यायचा तेव्हा सगळी वाद्यं थांबायची आणि खर्जात फक्त तीन स्वर वाजायचे. सा, कोमल रे, पुन्हा सा. मग दार उघडायचं. पुढे पुढे तो नसतानाही ते तीन स्वर यायचे, आणि बाईच्या हातातला कप थांबायचा. इतकं साधं, इतकं नेमकं काम मी कधी ऐकलं नव्हतं. माझ्या अंगावर काटा यायचा आणि त्याच क्षणी शेजारून प्रश्न यायचा, “मॅडम, हे कोनतं वाद्य हो?”

“चेलो, भाऊसाहेब. मोठं व्हायोलिन असतं.”

“भारी हाये.”

मध्यंतर झालं. अध्यक्ष उठले नाहीत, म्हणून कुणीच उठलं नाही. पॉपकॉर्न जागेवर आलं, थंडं आलं, आणि ज्यांना जायची घाई होती ते पाय आवळून पडद्यावरच्या जाहिराती बघत राहिले. मुख्याध्यापकांना मधुमेह आहे. त्यांची अवस्था मला बघवत नव्हती, पण माझी तरी कुठे निराळी होती!

शेवटी ती बाई भरल्या सभेत मंचावर चढते आणि कागद वाचायला लागते. तिथे संगीत बंद झालं. पूर्ण बंद. हॉलमध्ये फक्त एसीची घरघर. ती एकेक नाव वाचत होती, आणि मला टाळी वाजवायची होती. इतकी तीव्र इच्छा मला कशाची झाली नसेल. मागच्या ओळींतून एक टाळी वाजलीसुद्धा, एकच, आणि तिथेच मेली. मी दोन्ही हात ओढणीत गुंडाळून मांडीवर दाबून ठेवले. मला माझीच चीड आली, आणि तरीही मी हात सोडले नाहीत.

बाहेर लॉबीत पीए मोबाईल घेऊन उभा होता. भाऊसाहेबांच्या पेजवर टाकायला सगळ्यांच्या प्रतिक्रिया हव्या होत्या. आता बोला! कथा चांगली म्हणावी तर पंचाईत, वाईट म्हणावी तर पुस्तक आपलंच. पहिला नंबर आमच्या खेळाच्या सरांचा होता. ते घाम पुसत म्हणाले, “म्युझिक लय भारी!” आणि सगळ्यांना वाट सापडली. गणिताचे सर म्हणाले म्युझिक, विज्ञानाच्या मॅडम म्हणाल्या पार्श्वसंगीत, कारकून म्हणाले डॉल्बी. राष्ट्रगीत वरच्या पट्टीत गेलं तरी ज्यांना कळत नाही, ती माणसं त्या दिवशी संगीतावर बोलून सुटली. आणि त्या सिनेमात खरं बोलणारं जर काही होतं, तर ते संगीतच होतं. हे मला कॅमेऱ्यासमोर सांगता आलं असतं. मी म्हणाले, “संगीत चांगलं होतं.”

मुख्याध्यापकांचा जीव भांड्यात पडला. ते तसेच प्रसाधनगृहाकडे धावले.

तेवढ्यात अध्यक्षांनी मला हात करून बाजूला बोलावलं. चेहऱ्यावर राग नव्हता. उलट बारशाला आल्यासारखे प्रसन्न होते.

“मॅडम, थो आला का ते तीन सूर वाजत होते. तुमाले वाजवता येतीन?”

“येतील, भाऊसाहेब.”

“मंग लेकरायले शिकवा. स्नेहसंमेलनात मी आलो का थेच वाजलं पायजे. स्वागतगीत गिवागीत लय झालं आता.”

मला राहवलं नाही. “पण भाऊसाहेब, शेवटी त्याचं काय होतं ते…”

“शेवट काय करायचा हाये?” ते हसले. “अडीच घंटे सारा हॉल त्याले भेत होता. मी पिक्चर कमी पाह्यलं, बेटा. तुमालेच पाहून राह्यलो होतो.”

मग खांद्यावरची शाल सारखी करत म्हणाले, “तुमचा तो प्रस्ताव सोमवारी पाठवून देतो.”

परतीच्या बसमध्ये मी खिडकीशी बसले. आपण त्यांना अपमानापासून वाचवत होतो, असं आम्हाला वाटत होतं. त्यांना अपमान दिसलाच नव्हता. त्यांना त्यांचा सत्कार दिसला होता. ते तीन स्वर कानातून जात नव्हते, आणि त्याच वेळी सोमवारचा विचार मनातून हलत नव्हता. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला होता. नवऱ्याला फोन करून मी तो सांगितलासुद्धा.

सोमवारी प्रस्ताव गेला. मंगळवारी मी मुलांना घेऊन बसले. पेटीवर ते तीन स्वर फार पातळ वाजत होते. वाजवून टाकावं कसंतरी, कोण बघतंय, असं आधी मनात आलं. पण हाताला कसंतरी वाजवायची सवय नाही. मी बँडमधला मोठा ढोल आणला, त्याला कापड बांधून आवाज खाली उतरवला. आठवीच्या चार मुलींना तोंड मिटून खालचा सा धरायला लावला. तरी मन भरेना, तेव्हा दुसऱ्या सा नंतर एक श्वासभर थांबा घातला. तो सिनेमात नव्हता, तो माझा.

संमेलनाच्या दिवशी गाडी फाटकात शिरली आणि मी मुलांना खूण केली. अध्यक्ष अजून गाडीतून उतरलेही नव्हते. पहिला सा वाजला, कोमल रे वाजला, दुसरा सा वाजला, आणि माझ्या त्या थांब्यात समोरचे सगळे शिक्षक आणि मागची चारशे मुलं, कुणी न सांगता, उठून उभी राहिली. नऊ वर्षांत मी शाळेत इतकं चांगलं काही बसवलं नव्हतं.