मेन कोणी चालू केला?

ती घटना आजही आठवते, आणि आठवली की मी बसल्या जागेवरून उठून येरझाऱ्या घालू लागतो. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. त्यांनी मला एवढं अस्वस्थ केलं नाही. या प्रकरणात तर शेवटी खून नव्हताच. तरी एका बाईला मी खुनी ठरवायच्या बेतात आलो होतो. निवृत्तीनंतर हे लिहून टाकावं असं वाटलं. नावं कोणाचीच देत नाही.

मुळशी तालुक्यातल्या एका पोलीस ठाण्यात तेव्हा मी सहायक निरीक्षक होतो. ज्या गावची ही गोष्ट, तिथल्या निम्म्या घरांनी खोल्या बांधून भाड्याने दिल्या होत्या. अशाच एका घराच्या गच्चीवर बारा-तेरा वर्षांपूर्वी आठ सौर पॅनेल बसवली होती. गावातली पहिलीच, त्यामुळे लोक बघायला येत. बसवणारी मंडळी पुढे कुठे गेली कोणाला ठाऊक नाही, त्यांचा फोनही लागेना. पॅनेल मात्र जुनी होत गेली. उन्हाने वायरींची साल तडकली, वानरांनी दोन-तीनदा ओढाताण केली. त्या उन्हाळ्यात खालचा इन्व्हर्टर सारखा बंद पडू लागला, तेव्हा घरमालकाने गावातल्या वायरमनला बोलावलं.

दुपारी एकच्या सुमारास ठाण्यात फोन आला. दुरुस्ती करता करता वायरमन विजेचा धक्का बसून गच्चीवरच मेला होता.

आम्ही पोचलो, पंच बोलावले, पंचनामा केला, अकस्मात मृत्यूची नोंद घेतली. प्रेत शवविच्छेदनाला पाठवलं आणि विद्युत निरीक्षकांना पत्र धाडलं. त्यांचा अहवाल यायला वेळ लागतो, तोवर आपली चौकशी चालू ठेवायची असते. घरमालक चाळिशीचा, कंपनीत कामाला. त्या दिवशी त्याची सुट्टी होती. स्वयंपाकघराबाहेरच्या भिंतीवरची लोखंडी पेटी त्याने दाखवली. तो घराचा मेन स्विच. दांडा वर म्हणजे चालू, खाली म्हणजे बंद.

"वर जाताना वायरमननं हिला सांगितलं हुतं," तो बायकोकडे हात करून म्हणाला, "वहिनी, मेन पाडा आन् मी सांगितल्याबिगर लावू नका. हिनं पाडला. मी गोठ्याकडं हुतो. वरून धप्पदिशी आवाज आला. कोनतरी वरडलं, मेन पाडा, मेन पाडा! मी पळत आलो आन् मेन पाडला."

मी जबाब लिहून घेतला आणि वाचताना थांबलो. बायकोने मेन पाडला. नवऱ्यानेही येऊन मेन पाडला. एकच दांडा दोनदा खाली येतो, तर मधे कोणीतरी तो वर केलाच पाहिजे. आणि पेटीपाशी फक्त बायको होती. हे मला सुचलं याचा मला अभिमान वाटला. माझ्या घराण्यात पदवीपर्यंत शिकलेला मी पहिला. लहान गावातल्या शाळेत गुरुजींनी स्वतः अर्ज भरून दिले म्हणून इथवर आलो. त्यांचे उपकार मी विसरलेलो नाही. शिकलेला माणूस नीट विचार करतो, अशी माझी ठाम समजूत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ठाणे अंमलदाराने फोन माझ्याकडे दिला. नाव न सांगता कोणी बोलत होतं.

"साहेब, त्या बाईचं आन् वायरमनचं लई वाजलं हुतं. हिचा मिक्सर त्यानं दुरुस्तीला नेला, दोन महिनं ठेवला आन् जळका आनून दिला. भर रस्त्यात म्हनली, तुलाच झटका बसला म्हंजी कळंल."

"तुम्ही कोण बोलताय?"

"मी कशाला सांगू? मला गावात ऱ्हायचंय."

हवालदार शेजारीच उभे होते. निवृत्तीला आलेले, तोंडाने फटकळ. म्हणाले, "मिक्सरवरनं मर्डर? साहेब, मग आमची मंडळी कवाच आत जायला पायजे हुती." मला हसू आलं नाही. संधी होती, भांडण होतं, नवऱ्याचा जबाब होता. आता फक्त कबुली हवी होती.

बाईमाणसाची चौकशी तिच्या घरीच करायची असते. महिला अंमलदाराला घेऊन मी तीन दिवस त्या घरी गेलो. नवरा दाराशी बसलेला असायचा. बाई पस्तिशीची, सातवी शिकलेली. पहिल्या दिवशी ठाम होती.

"मी मेनपाशीच उभी हुते. पाडल्यावर परत हात बी न्हाई लावला."

"मग दांडा आपोआप वर जातो का, ताई?"

"न्हाई."

"मग मेन कोणी चालू केला?"

दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न. फ्रिजमध्ये दूध होतं का? होतं. नासेल असं वाटलं का? वाटलं. मग मेन कोणी चालू केला? मी आवाज चढवला नाही, शिवी दिली नाही, हात तर उगारलाच नाही. मी स्वतःला चांगला अधिकारी समजत होतो. तिसऱ्या दिवशी अकरा वाजता तिने पदर डोळ्यांना लावला.

"लावला असंल. मीच लावला असंल, साहेब. दुधापायी लावला असंल. मला आता कायबी आठवंना."

मी लिहिलं : 'दूध नासेल या भीतीने मेन मीच चालू केला.' तिचा 'असंल' मी गाळला. जबाब सुटसुटीत असावा असं आम्हाला शिकवलेलं असतं.

पोलिसांपुढे दिलेली कबुली न्यायालयात टिकत नाही, हे मला पाठ होतं. पण गावात टिकते. संध्याकाळपर्यंत ती घरोघरी पोचली. वायरमनची विधवा त्या बाईच्या दारात येऊन किंचाळून गेली. नळावर बायकांनी त्या बाईसाठी जागा सोडायचं बंद केलं. दोन दिवसांनी नवऱ्याने तिला धरणापलीकडे माहेरी पोचवलं. लोकांची तोंडं बंद होईपर्यंत, असं म्हणाला.

आता मला चैन पडायला हवं होतं. पडेना. शवविच्छेदन अहवाल आला होता. विजेच्या जखमा दोन्ही हातांच्या बोटांवर होत्या. का कोण जाणे, तो कागद मी पुन्हा पुन्हा काढून बघत होतो. घराच्या विजेचा धक्का असता तर बहुधा एका हातातून शिरून पायावाटे गेला असता, एवढंही तेव्हा मला धड माहीत नव्हतं. फक्त काहीतरी टोचत होतं. गुन्हा दाखल करायचा कागद टेबलावर तयार होता आणि मी सही न करता उठत होतो, बसत होतो. हवालदार म्हणाले, "साहेब, खुर्चीला काय ढेकूण झालेत का?"

शेवटी काहीच कारण नसताना भर दुपारी मी पुन्हा त्या घरी गेलो.

गावची वीज गेली होती. भाड्याच्या एका खोलीबाहेर उलट्या बादलीवर बसून एक माणूस पुठ्ठ्याने वारा घेत होता. पन्नाशीचा, उत्तरेकडचा, सूसच्या एका सोसायटीत रात्रपाळीचा वॉचमन. दिवसा झोपतो म्हणून त्याला आम्ही काही विचारलंच नव्हतं. झोपलेला माणूस काय बघणार?

मला बघून तो उठला. "आज फिर गई साहब. उस दिन जैसी."

"किस दिन जैसी?"

"जिस दिन वो वायरमन भाई खतम हुआ. पंखा बंद हुआ तो मेरी नींद टूटी. फिर बाहर ही बैठा रहा, यहीं."

"पंखा परत कधी चालू झाला?"

"शाम को. आप लोग गए, उसके बाद."

"मधे एकदाही नाही? नीट आठवा. थोडा वेळ? एक मिनिट?"

"साहब, गरमी में आदमी पंखे को ही देखता रहता है. एक चक्कर भी घूमता तो मैं अंदर जाके लेट जाता."

त्याच्या खोलीची वीज त्याच मेनवरून होती. मी स्वतः पेटीपासून वायर तपासत त्याच्या पंख्यापर्यंत गेलो. मग घरमालकाला कंपनीतून बोलावून घेतलं आणि पेटीसमोर उभं केलं.

"त्या दिवशी पळत आलात, तेव्हा दांडा वर होता की खाली?"

"मी पाडला की, साहेब."

"ते विचारत नाही. हात लावायच्या आधी कुठे होता?"

त्याने हवेत हात उचलला, खाली मारला. परत उचलला. परत मारला. तिसऱ्यांदा हात अर्ध्यावरच राहिला.

"हात मारला, ह्ये खरं. पन दांडा हालला का न्हाई..." तो तिथेच भिंतीला टेकून खाली बसला. "खालीच असंल का वो, साहेब?"

खालीच होता. मेन कोणी चालू केलाच नव्हता. तीन दिवस मी एका बाईला जे विचारत होतो, ते घडलंच नव्हतं.

मग माणूस मेला कसा? घरमालक चाचरत म्हणाला की वायरमनच्या आधी त्याने पौडच्या एका बाईला फोन केला होता. ती आयटीआय झालेली, सौर यंत्रणेचं प्रशिक्षण घेतलेली, वायरमनचा परवाना असलेली. तिने पॅनेल किती जुनी हे विचारलं आणि सांगितलं, शनिवारी येते, दोन माणसं लागतील, ताडपत्री लागेल, तोवर कोणाला हात लावू देऊ नका.

"मला वाटलं, बाई काम टाळतीया. पॅनेलला ताडपत्री कशाला? आन् भाडेकरू तर रोज कटकट करत हुते."

त्या तंत्रज्ञ बाईंना मी विनंती केली. दुसऱ्या दिवशी बारा वाजता त्या आल्या. जाड रबरी हातमोजे, सोबत एक सहकारी. पंच गच्चीवर उभे केले.

"सर, मेन पाडायला सांगा. इन्व्हर्टरपण बंद करा." सगळं बंद झालं. त्यांनी मीटरची दोन टोकं पॅनेलकडून येणाऱ्या दोन वायरींना लावली. आकडा तीनशेच्या वर गेला.

"अहो, मेन बंद आहे!" मी म्हणालो.

"मेन बाहेरून येणारी वीज अडवतो, सर. ही इथंच तयार होते. उन्हाला मेन नसतो."

मग त्यांनी एकेका पॅनेलवर ताडपत्री टाकायला लावली. आठवं झाकलं, तेव्हा आकडा जवळजवळ शून्यावर आला होता. एक पंच हळूच गच्चीच्या कडेला सरकला.

वायरमनने काय केलं असावं, तेही त्यांनी जागेवर दाखवलं. जुन्या दोन्ही वायरींना कधीकाळी मारलेले जोड होते. त्यांची चिकटपट्टी सोडून दोन्ही वायरींची उघडी टोकं त्याने दोन हातांत धरली. त्याच्या खिशात टेस्टर सापडला होता. म्हणजे त्याने तपासूनही पाहिलं असणार. "घरातल्या विजेचा टेस्टर इथं भरवशाचा नाही, सर. पेटला नाही म्हणजे वीज नाही, असं इथं होत नाही. ते निष्काळजी नव्हते. त्यांना हे काम कोणी शिकवलं नव्हतं."

हे मी वायरमनच्या विधवेला जाऊन सांगितलं. तिने सगळं ऐकलं आणि विचारलं, "मंग मी आता कुनाला बोलू?"

पुढे विद्युत निरीक्षकांचा अहवाल आला, तोही हेच सांगणारा. तोवर ग्रामपंचायतीसमोर लोक जमवून मी स्वतः मोठ्याने सांगितलं होतं की त्या बाईचा काडीचाही दोष नाही. डायरीत नोंद केली की मूळ जबाबातला 'असेल' हा शब्द मी गाळला होता. वरिष्ठ म्हणाले, "एवढं लिहायची गरज आहे का?" मी म्हणालो, "आहे, सर."

आता गावोगावी गच्च्यांवर अशी जुनी पॅनेल दिसतात. भेटेल त्याला मी सांगतो, की दुरुस्तीला येणाऱ्याला परवाना विचारा, सौर यंत्रणेचं काम कुठे शिकलात ते विचारा. जो लगेच वर चढतो, त्याच्यापेक्षा जो आधी प्रश्न विचारतो आणि शनिवारची वेळ देतो, त्याच्यासाठी थांबा. लोक माना डोलावतात.

पण माझा स्वतःचा धडा वेगळा होता. तो मला त्या बाईच्या माहेरी मिळाला. तिला सांगायला मी गेलो, तेव्हा तिला घरी न्यायला म्हणून नवराही आला होता. तो अंगणात मोटारसायकलपाशी थांबला. ती शेंगा फोडत बसली होती. मी सगळं सांगितलं.

"म्हंजी मी लावलाच न्हवता?"

"नाही, ताई."

तिने हातातली शेंग फोडून दाणे बाजूला टाकले. मग म्हणाली, "मंग मी व्हय कशाला म्हनले, साहेब?"

"मी तीन दिवस तेच विचारत राहिलो म्हणून. चूक माझी."

"तुमचं सोडा. तुमी परके." तिने दाराबाहेर पाहिलं. "तीन दिवस ह्ये दारात बसले हुते. एकदा सुदीक म्हनले न्हाईत, माझी बायको असं करनार न्हाई. तवा मला वाटलं, ह्यांना बी तसंच वाटतंय, तर मी लावलाच असंल."

तिने मांडीवरची टरफलं झटकली.

"त्यांना सांगा, आज येत न्हाई. येईन तवा माझी मी येईन."

मी अंगणात जाऊन निरोप दिला. त्याने मान खाली घातली, किल्ली फिरवली आणि एकटाच निघून गेला.

महिन्याभराने ती एसटीने आली, स्टँडवर उतरली आणि भर बाजारातून चालत घरी गेली, असं हवालदारांनी सांगितलं. त्यानंतर मी शेकडो जबाब घेतले. दर वेळी घरच्या माणसांना आधी खोलीबाहेर बसवलं, आणि पहिला प्रश्न विचारण्यापूर्वी स्वतःला विचारलं, की मी जे विचारणार आहे ते मुळात घडलं आहे का? तिला भेटायला मात्र पुन्हा गेलो नाही. तेवढा धीर मला आजवर झालेला नाही.