राजाला मारणाऱ्या हाताचा सौदा

सातासमुद्रापलीकडे कुठं तरी लढाई जुंपली आणि वऱ्हाडातल्या कापसाला सोन्याचं मोल आलं, त्या वर्षांतली ही गंमत! मी अकोला सोडून अमरावतीला दलाल व्हायला आलो होतो. पहिला सौदा जमला तर दलाल. नाही तर परत जाऊन सासऱ्याच्या दुकानात तेल मापायचं. सासरा तर पळी घेऊन वाटच पाहत होता.

बाजाराशेजारी गाड्यांचा तळ पडे. गाडीवानांसाठी दिवेलागणीला आम्ही बाजारातल्या हौशी मंडळींनी दंडार उभी केली, सोंगांचं गावरान नाटकच ते. सिंहासनासाठी झोपलेल्या राजाचा गळा कापणारा सेनापती मी, आणि राजा बाजारातला वांगी विकणारा माळी. रक्त खरं दिसावं म्हणून मी रंगाऱ्याकडून आल नावाच्या झाडाच्या मुळीचा पक्का लाल रंग आणून कोपरापर्यंत माखला. हात वर केला तशी बाया किंचाळल्या. अहाहा! त्या किंकाळीनं मला जेवणाची शुद्ध राहिली नाही.

सकाळी राख लावली, चिंच लावली, हात घासघास घासला. रंग ढिम्म! तसाच बाजारात गेलो. एका म्हाताऱ्या पाटलामागं त्याच्या गावच्या साऱ्या गाड्या उभ्या होत्या. आमच्याकडे भाव तोंडानं बोलत नाहीत. उपरण्याखाली हातात हात घेऊन बोटं दाबतात; जितकी बोटं, तितका भाव. मी उपरणं पसरलं. पाटलानं माझा हात पाहिला आणि आपला मागं ओढला.

"ज्या हातानं राजा मारला, त्याच्यात मी हात देऊ?"

"पाटीलबुवा, तो खेळ होता!"

"खेळ असो का काई. त्यानं तुले जेवू घातलं, अन् तू त्याले झोपेत कापलं. म्या सोता पाह्यलं. रगत त अजून हाताले हाय!"

मागच्या गाडीवानांनी बैल जुंपायला घेतले. मला डोळ्यांपुढं तेलाची पळी दिसली! मी धावत वांग्यांच्या ढिगापाशी गेलो आणि भर बाजारात माळ्याचे पाय धरले.

"महाराज, माफी द्या!"

माळी काय कमी नट? त्यानं मुंडासं सावरलं, पोत्यावर मांडी ठोकली. "काल कट्यार काढतानी दया नाई आली? मी तुले पोरासारखा पोसला रे!"

लोक जमले. कुणी तरी चक्क डोळे पुसत होतं. आणि खरं सांगतो, पाय धरल्यावर मलाही वाईट वाटलं. हा माणूस काल खरंच किती निवांत झोपला होता!

"जाय, माफ केलं," राजा म्हणाला. "पण पाटलाले भाव कमी देशीन त पाहा. मी सोता येतो."

आणि आला! उपरण्याखाली पाटलाचा हात, माझा लाल हात, आणि वर राजाचा. मी एक बोट दाबलं की राजा दुसरं दाबायचा. भाव चढला तशी माझी दलाली निम्मी झाली, पण सौदा झाला. मी आनंदानं उडीच मारली.

पाटलानं जाता जाता विचारलं, "आज पुन्हा खेळ हाय का?"

"आहे ना! बघायला याच की."

पाटील गाडीवानांवर ओरडला, "पोरांहो, बिगीबिगी कापूस उतरवा! दिवस बुडाला का हा पुन्हा राजाले मारते, मंग याच्याशी सौदा राह्यत नाई!"