कंट्रोलचा ट्रे हिरवा होतो तेव्हा

लॅबमधले किस्से फ्रिजमधल्या बाटल्यांसारखे असतात. कोणी ठेवले, कधी ठेवले, कोणाला आठवत नाही, पण टाकून द्यायची हिंमतही कोणी करत नाही. चेन्नईच्या गिंडी भागातल्या आमच्या लॅबमध्ये रोपं वाढवायचं काम माझं. सत्तरी मागे पडली, तरी मला घरी पाठवायचं धाडस अजून कोणाला झालेलं नाही.

एकदा एका पाहुण्यांनी माझं शिक्षण विचारलं.

"आठवी," मी म्हटलं. "पुढचं सगळं स्वतः वाचलं. नापास करायला कोणी नव्हतं, म्हणून बरंच वाचून झालं."

पाहुण्यांनी ते वहीत लिहून घेतलं. का, ते त्यांनाच माहीत.

* * *

केतकी नांदेडहून पीएचडीला आली. माझी तंजावरची मराठी ऐकून पहिल्याच दिवशी हसली. म्हणाली, "आजी, ही कुठल्या जुन्या पुस्तकातली मराठी?"

"पुस्तकातली नाही, घरातली आहे. आम्ही आणली तशीच ठेवली. तुम्ही तुमची कुठे हरवलीत?"

तेव्हापासून आमचं चांगलं जमतं.

* * *

केतकीचा विषय मी तिच्या सरांपेक्षा सोपा करून सांगते. झाडाला ओरडता येत नाही, पळता येत नाही. मुळाशी खारं पाणी आलं की ते नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू तयार करतं आणि स्वतःच्याच पानांना, मुळांना खबर देतं. वायू क्षणात विरतो. पण काही बदललेली फॅटी ॲसिडं असतात, ती तोच वायू जपून ठेवतात आणि हळूहळू सोडतात. जवसाच्या तेलातल्या ॲसिडापासून केलेलं असं एक ॲसिड केतकी रोपांना देते.

हे तिने फोनवर आईला समजावलं. आठवड्याने नांदेडहून पार्सल आलं. आत डबाभर जवसाची चटणी, आणि आईचा निरोप, की प्रयोगाला कमी पडली तर अजून पाठवते.

सरांनी ती इडलीबरोबर खाल्ली. आमच्या इथल्या पोडीपेक्षा, म्हणजे इडलीवरच्या कोरड्या चटणीपेक्षा, बरी आहे म्हणाले. आमच्या लॅबचा तेवढाच एक निष्कर्ष, ज्यावर कोणी शंका घेतली नाही.

* * *

घोळ कंट्रोलच्या ट्रेने घातला. एका ट्रेला ॲसिड द्यायचं, दुसऱ्याला नुसतं पाणी. मग मुळांना एक रंग लावून सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. वायू असेल तिथे हिरवं चमकतं. पाण्याच्या ट्रेतली रोपं काळी दिसली पाहिजेत. तोच कंट्रोल.

आमचा कंट्रोल अधूनमधून हिरवागार चमकायचा.

सरांनी बजावलं, प्रबंधाचं काम तपासणारी समिती येईपर्यंत हे थांबलं नाही तर ते प्रकरण प्रबंधातून काढायचं. ते काढलं तर प्रबंधात मुखपृष्ठ तेवढं उरणार होतं. आणि प्रबंध झाल्याशिवाय लग्न नाही, असं केतकीनेच दोन्ही घरी ठणकावून ठेवलेलं.

* * *

सरांना आधी केसांच्या तेलाचा संशय आला. तेल म्हणजे फॅटी ॲसिड. डोक्याला तेल लावून कोणी रोपांच्या खोलीत यायचं नाही, असा हुकूम निघाला.

मी म्हटलं, "माझ्या डोक्यातलं खोबरेल इतकं कामाचं असतं तर तुम्ही बाहेरून ॲसिड कशाला मागवता?"

शेवटी सगळ्यांना प्लास्टिकच्या टोप्या आल्या. सरांनाही, ज्यांच्या डोक्यावर तेल लावण्यासारखं काही उरलेलं नाही. कंट्रोल चमकतच राहिला.

मग धुराच्या संशयाने माझी सकाळची उदबत्ती बंद झाली. मग रोपांना हात लावणं बंद झालं, कारण दुखावलं तरी रोप वायू सोडतं. मग सरांनी खोलीत बोलणंही बंद केलं. तो नियम मी मोडला.

* * *

केतकीचा होणारा नवरा निखिल पुण्याचा. चेन्नईबाहेर ओरगडमला गाड्यांच्या कारखान्यात इंजिनिअर. काम काय, तर गाड्यांच्या धुरातला नायट्रिक ऑक्साइड कमी करायचा.

"आजी, आम्ही दिवसभर जो घालवायला मरतो," तो मला म्हणाला, "तो दिसला की ही पेढे वाटते."

सुट्टी असली की तो केतकीला जेवायला न्यायला यायचा. ही "पाच मिनिटांत आले" म्हणायची आणि तास लावायची. बाहेरच्या माणसाला आत यायला सरांची मनाई, म्हणून तो खाली आवारातल्या एकमेव कडुनिंबाच्या सावलीत गाडीत बसायचा. चेन्नईच्या उन्हात. मुलगा गुणी, कधी कुरकुर केली नाही.

* * *

समितीच्या आदल्या दिवशी ट्रे पुन्हा चमकला. केतकी स्टुलावर बसून राहिली, रडलीसुद्धा नाही. मी खाली जाऊन निखिलला घेऊन आले. सरांनी मनाईची आठवण काढायच्या आत मी त्याच्या डोक्यावर प्लास्टिकची टोपी चढवली.

निखिलच्या गाडीत कारखान्यातलं हवा तपासायचं मीटर होतं. हा वायू सापडला की ते वाजतं. त्याने खोलीभर फिरवलं. शांत. "हवा स्वच्छ आहे," तो म्हणाला, मीटर ट्रेजवळ ठेवलं आणि खाली गाडीत जाऊन बसला.

मीटर वाजायला लागलं.

केतकीने फोन केला, तो धावत वर आला. मीटर गप्प. त्याने ते हलवलं, झटकलं, बॅटरी तपासली आणि खाली गेला.

मीटर पुन्हा वाजलं.

तो पुन्हा वर आला, धापा टाकत. म्हणाला, "मी नसताना इथे कोणीतरी वायू सोडतंय."

केतकी खिडकीशी गेली. खाली कडुनिंब, त्याच्याखाली निखिलची डिझेलची गाडी, आणि गाडीच्या बरोब्बर वर आमच्या खोलीत बाहेरची हवा ओढणारा पंखा.

"इंजिन चालू ठेवून एसी लावून बसतोस?"

"मग? एवढ्या उन्हात?"

तिने हात पुढे केला. "किल्ली."

* * *

समितीसमोर कंट्रोलची रोपं काळीकुट्ट निघाली. दिल्लीहून आलेल्या बाईंनी चष्मा काढून विचारलं, खोलीतल्या हवेत बाहेरचा वायू येत नाही, याची खात्री कशी केली.

निखिल बाहेर बाकावर बसला होता. दोन बस बदलून आलेला, घामाने निथळत.

केतकीने पर्स उघडली आणि गाडीची किल्ली टेबलावर ठेवली.