पदराखालची आक्का

भुताच्या पिक्चरला मी हसायलाच जातो. कोल्हापुरात त्या दुपारी लागलेला पिक्चर तसलाच होता. मेलेली बायको नवऱ्याच्या दुसऱ्या लग्नात शिरून नुसता धिंगाणा घालते.

शेजारी पन्नाशीची एक बाई होती आणि तिच्या पलीकडं कडक टोपीतला तिचा नवरा. पडद्यावर भूत आलं की ती गळ्यातलं काहीतरी चटकन पदराखाली झाकायची.

मध्यंतरात मी विचारलं, "मावशी, भ्या वाटतंय काय?"

"मला कशाचं भ्या, पावणं?" तिनं गळ्यातला चांदीचा छोटा टाक दाखवला. नवऱ्याची पहिली बायको वारलेली असली की दुसरी तिच्या नावाचा असा टाक घालते. "ह्या आक्काला झाकतोय. बघून असली थेरं शिकली म्हंजे?"

मी खो खो हसलो. नवरा हसला नाही.

शेवटी पिक्चरमधला नवरा पहिलीची साडी पोटाशी धरून रडला. इकडं टोपीवाल्यालाही हुंदका आवरेना. बाईनं त्याचा हात घट्ट धरला. दुसऱ्या हातानं टाक पदराबाहेर काढून तिनं त्याच्याकडं वळवला.

"बघ आक्का," ती हळूच म्हणाली, "अजून बी तुझ्यासाठी रडत्यात."